एकच चेहरा, आठ वारसदार

फाशी देणारा माणूस आदल्या दिवशीच तुरुंगात येऊन पोहोचतो. मिस्टर एलियट त्याचं नाव. फाशी देणं हे त्याचं नेहमीचंच काम, त्याची त्याला धास्ती नाही. धास्ती वेगळीच आहे. उद्याचा कैदी ड्यूक आहे, आणि ड्यूकला काय म्हणून हाक मारायची हे त्याला नक्की माहीत नाही. 'युअर ग्रेस' म्हणायचं, असं कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. ड्यूकला फाशी देण्याचा मान त्याच्या गुरूलाही कधी मिळाला नव्हता. सरदाराला रेशमी दोर लागतो, आणि रेशमी दोर हाताळल्यावर पुन्हा तागाच्या दोराकडे काय वळायचं, म्हणून या कामानंतर निवृत्त व्हायचं त्याने ठरवून टाकलंय.

'काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्स' हा १९४९ चा ब्रिटिश सिनेमा असा सुरू होतो. ब्रिटनच्या वर्गव्यवस्थेची खिल्ली उडवणारे सिनेमे पुष्कळ निघाले, पण ती व्यवस्था आतून कशी चालते हे समजून घ्यायचं असेल तर मी हाच सिनेमा पुढे करेन. अडचण एवढीच की त्यातल्या निम्म्या विनोदामागचा हिशेब आपल्याला ठाऊक नसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही खूप हसलो, पण या घराण्यातला एक जण पाद्री, एक सेनापती, एक आरमारात आणि एक बँकेत, असं का, हे मला उमगलं नव्हतं. ते उमगलं तेव्हा सिनेमा दुपटीने आवडला. म्हणून तो हिशेबच इथे मांडतो.

आधी गोष्ट. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. चॅलफाँटच्या ड्यूकची मुलगी एका इटालियन ऑपेरा गायकाशी पळून जाऊन लग्न करते. डॅस्कॉइन घराणं तिच्या नावाने आंघोळ करून मोकळं होतं. नवरा लवकर जातो. मुलगा लुई लंडनच्या एका साध्यासुध्या उपनगरात वाढतो, आणि आई त्याच्या मनावर एकच गोष्ट बिंबवत राहते की तू डॅस्कॉइन आहेस. मरताना तिची एकच इच्छा असते, माहेरच्या दफनघरात विसावा मिळावा. माहेर तेवढंही देत नाही. लुई ठरवतो की आपल्यात आणि गादीत जे जे उभे आहेत त्यांना एकेक करून दूर करायचं. तो घराण्याचा वंशवृक्ष काढून ठेवतो आणि एकेक नाव खोडत जातो. हे आठ डॅस्कॉइन अ‍ॅलेक गिनेस या एकाच नटाने उभे केलेत, त्यात एक बाईसुद्धा आहे. सहा जणांना लुई मारतो. उरलेले दोघे त्याचा हात न लागताच जातात.

आता हिशेब. आपल्याकडे बाप गेला की जमीन भावांत वाटली जाते. सातबाऱ्यावर नावं वाढत जातात, तुकडे लहान होत जातात, बांधावरून भांडणं होतात. भाऊबंदकी म्हटलं की तीच वाटणी आठवते. इंग्लंडच्या सरदार घराण्यांनी नेमकं उलट केलं. वाडा, जमीन, खिताब, सगळं थोरल्या मुलाला. धाकट्यांना खर्चापुरतं काहीतरी, आणि मुलींना बहुधा हुंड्यापुरतं. ड्यूकच्या धाकट्या मुलाला लोक 'लॉर्ड' म्हणतील, पण तो निव्वळ शिष्टाचार. कायद्याच्या लेखी तो सामान्य माणूसच. या एका रीतीमुळे तिथल्या जहागिरींचे शतकानुशतकं तुकडे पडले नाहीत. आणि याच रीतीमुळे लुईला एकामागून एक इतके खून करावे लागतात, कारण गादी एकच आहे आणि रांग लांब आहे. खिताब सहसा मुलीच्या बाजूने उतरत नाही, म्हणून दुसऱ्या चार्ल्स राजाने या घराण्याला तशी खास सवलत दिल्याचं सिनेमाने सुरुवातीलाच सांगून ठेवलंय. नाहीतर लुईचा हक्कच लागला नसता. ही रीत अजून पुरती गेलेली नाही. राजसिंहासनासाठी मुलगा-मुलगी हा भेद २०१३ च्या कायद्याने गेला, पण बहुतेक सरदारी खिताब आजही मुलाकडेच जातात.

मग धाकट्यांनी करायचं काय? व्यापार करणं खालच्या दर्जाचं, हाताने काम करणं तर बोलायलाच नको. उरल्या तीन-चार वाटा: चर्च, सैन्य, आरमार आणि साम्राज्य. चर्चची वाट सोपी होती. गावचा पाद्री नेमण्याचा हक्क पुष्कळ ठिकाणी जमीनदाराकडेच असायचा. त्या जागेला बांधलेलं घर आणि उत्पन्न असायचं, ते घरातल्याच कोणाला तरी देऊन टाकता यायचं. घराण्यातला मंदबुद्धी तो चर्चमध्ये, ही जमीनदारांची परंपरा डॅस्कॉइनांनीही पाळलेली दिसते, असं लुई त्याच्या शांत आवाजात सांगतो. सैन्याचं तर आणखी थेट होतं. पायदळ आणि घोडदळातला अधिकाऱ्याचा हुद्दा रोख पैसे मोजून विकत घेता यायचा, आणि ही पद्धत १८७१ पर्यंत चालू होती.

या वाटेवरची माणसं आपल्या ओळखीची आहेत. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली आयर्लंडमधल्या एका अर्लचा धाकटा मुलगा. त्याचे सुरुवातीचे हुद्दे विकतच घेतलेले होते. पुढे तो स्वतःच्या कर्तबगारीवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. पुण्याचा रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा एका स्कॉटिश लॉर्डचा चौथा मुलगा. मिसरूड फुटायच्या वयात तो कंपनीच्या नोकरीत शिरून हिंदुस्थानात आला. तिकडे थोरल्याला वाडा मिळत होता, म्हणून इकडे धाकटे येत होते. आपल्या इतिहासातल्या कितीतरी इंग्रज नावांच्या मागे ही घरगुती वाटणी उभी आहे, आणि हा सिनेमा पाहताना मला ती पहिल्यांदा नीट दिसली.

आता गिनेसच्या आठ भूमिकांकडे पाहा. जमिनीचा धनी ड्यूक एथेलरेड. बँक चालवणारा म्हातारा लॉर्ड. सेनापती, जो एकाच लढाईच्या आठवणी सांगत बसतो. आरमाराचा अ‍ॅडमिरल. पाद्री. स्त्रियांच्या मताधिकारासाठी दुकानांच्या काचा फोडणारी लेडी अगाथा. आणि दोन तरुण, एक उर्मट, एक गोड स्वभावाचा. जमीन, पैसा, सैन्य, आरमार, चर्च, म्हणजे देशाच्या जेवढ्या मोठ्या खुर्च्या तेवढ्यांवर एकच चेहरा बसलेला. टोप्या आणि मिश्या तेवढ्या बदलतात. गिनेसला आधी चारच भूमिका देऊ केल्या होत्या, आठ का नकोत असं त्यानेच विचारलं, असं सांगतात. ते तसंच घडलं असेल तर त्या एका प्रश्नाने सिनेमाचा अर्थच बदलला. चार भूमिकांत नटाची करामत दिसली असती. आठ भूमिकांत राज्ययंत्रणा दिसते.

एका दृश्याबद्दल थांबून सांगायला हवं. घराण्याच्या चर्चमध्ये अंत्यविधी चालू आहे. बाकांवर सगळे डॅस्कॉइन ओळीने बसलेत, आणि एकाच चौकटीत गिनेस सहा वेळा दिसतो. आज हे संगणकावर सहज होईल. १९४९ मध्ये कॅमेरामन डग्लस स्लोकोमने कॅमेरा जागेवर जखडून टाकला. भिंगापुढचा बाकी भाग काळा झाकून एका वेळी एकाच माणसापुरती जागा उघडी ठेवली. एक भूमिका चित्रित झाली की फिल्म उलटी गुंडाळायची, गिनेसने रंगभूषा बदलून शेजारच्या जागी बसायचं, आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचं. मधे कॅमेरा केसभर हलला तर सगळी मेहनत वाया. म्हणून कोणी धक्का लावू नये यासाठी स्लोकोम रात्री कॅमेऱ्याजवळच झोपला. पडद्यावर हे काही क्षणच दिसतं. तरी तेवढ्यात डोळ्यांना कळून चुकतं की या बाकांवर बाहेरच्या कोणाला जागा नाही.

अ‍ॅडमिरलच्या मरणाला खऱ्या घटनेचा वास आहे. सिनेमात तो चुकीची आज्ञा देतो, दोन जहाजं एकमेकांवर आदळतात, आणि तो सलाम ठोकून जहाजाबरोबर पाण्याखाली जातो. २२ जून १८९३ रोजी भूमध्य समुद्रात व्हाइस अ‍ॅडमिरल जॉर्ज ट्रायनने दोन रांगांत चाललेल्या युद्धनौकांना एकमेकींकडे वळायची आज्ञा दिली. मधलं अंतर अपुरं होतं. ते हाताखालच्यांच्या लक्षातही आलं होतं, पण आज्ञा पाळली गेली. 'कॅम्परडाउन' नौकेने 'व्हिक्टोरिया'ला धडक दिली आणि ट्रायनसह ३५८ जण बुडाले. वरचा चुकला तरी खालच्याने 'नाही' म्हणायचं नाही, ही शिस्त कुठवर नेते ते त्या समुद्राने पाहिलं होतं.

हे झालं खुर्च्यांचं. पण ब्रिटिश वर्गव्यवस्थेची खरी गंमत खुर्चीपेक्षा वागण्याबोलण्यात आहे. लुई कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा नोकर असतो. एक तरुण डॅस्कॉइन गिऱ्हाईक म्हणून येतो आणि किरकोळ कारणावरून त्याची नोकरी घालवतो. दोघांचं रक्त एक, पण एक काउंटरच्या या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला. तिथे काउंटर म्हणजे वेसच. दुकानदार कितीही श्रीमंत झाला तरी त्याच्याबद्दल 'हा व्यापारातला' असं जरा नाक वर करूनच बोललं जायचं.

आपल्याकडचा वाचक लगेच विचारेल, म्हणजे ही जातच की. साम्य आहे, जन्मावरून माणसाची किंमत ठरते एवढ्यापुरतं. पण वर्गात लग्नाने, शिक्षणाने, पैशाने दोन-तीन पिढ्यांत वर सरकता येतं, आणि तिथला सगळा ताण या सरकण्यातच आहे. वर चढलेल्याला आपलं मूळ लपवावं लागतं आणि वर असलेल्याला ते हुडकून काढायचं असतं. हुडकायचं साधन म्हणजे भाषा. अ‍ॅलन रॉस या भाषाभ्यासकाने १९५४ मध्ये उच्चवर्गीयांचे शब्द आणि बाकीच्यांचे शब्द असा फरक मांडला, आणि पुढच्याच वर्षी लेखिका नॅन्सी मिटफर्डने तो घरोघरी पोहोचवला. जेवताना मांडीवर घ्यायच्या कापडाला उच्चवर्गीय 'नॅपकिन' म्हणतो, आणि सभ्य दिसायला धडपडणारा मध्यमवर्गीय 'सर्व्हिएट'. सभ्य वाटणारा शब्दच त्याला उघडा पाडतो. उच्चारावरून माणूस तोलायचा हा प्रकार मराठी प्रेक्षकाला नवा नाही. शॉच्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' केलं तेव्हा आपल्याकडे तो जिवंतपणे पोहोचला, कारण बोलीवरून माणसाला खाली लेखायची खोड आपल्यातही मुरलेली आहे.

लुईचं हत्यार हेच आहे. बॉम्ब, विष, पेट्रोल ही नंतरची साधनं. आधी तो अदबीने बोलतो. गोड स्वभावाचा हेन्री फोटोग्राफीचा नादी आहे. बायको दारूच्या थेंबालाही शिवत नाही, म्हणून तो फोटो धुवायच्या खोलीत लपून पितो. लुई त्या खोलीतल्या दिव्यात रॉकेलऐवजी पेट्रोल भरून ठेवतो. मग बागेत हेन्रीची बायको ईडिथ हिच्यासमोर चहाला बसतो. ती नवऱ्याच्या भवितव्याबद्दल बोलत असते. एवढ्यात दुरून धमाका ऐकू येतो आणि भिंतीपलीकडून धुराचा लोट उठतो. बाईचं बोलणं मधेच तोडणं असभ्यपणाचं, म्हणून लुई तिच्याशी हेन्रीच्या भवितव्यावर बोलत राहतो. कपबशी हातात, चेहऱ्यावरची रेषाही हललेली नाही. सभ्यपणा आणि माणुसकी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या धुराने अधिक पटवलं.

एकदाच लुई खरं बोलतो. एथेलरेड ड्यूकच्या रानात चोरून शिकार करणाऱ्यांसाठी माणूस पकडायचे सापळे लावलेले असतात. लोखंडी दात असलेला सापळा, पाय पडला की मिटणारा. इंग्लंडमध्ये असे सापळे १८२७ सालीच बेकायदा ठरले होते, पण ड्यूकच्या रानात कायदा ड्यूकचाच. लुई एथेलरेडलाच त्या सापळ्यात अडकवतो, बंदूक रोखतो आणि गोळी झाडण्याआधी आपल्या आईची हकिगत सांगतो. आवाज चढत नाही. दफनघरातली एक जागा तुम्ही नाकारलीत, एवढंच. विनोदी सिनेमात हा प्रसंग इतका कोरडा आणि खरा आहे की हसू गळ्यातच अडकतं.

तरीही दिग्दर्शक रॉबर्ट हेमर लुईला नायक करून सोडत नाही, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. लुईला वाडा पाडायचा नाही, त्याला वाड्यात राहायचंय. लहानपणीची मैत्रीण सिबेला त्याला गरीब म्हणून नाकारते आणि पैसेवाल्या, कंटाळवाण्या लायनेलशी लग्न करते. लुई पुढे तिच्याशी संबंध ठेवतो, पण डचेस म्हणून त्याला ईडिथच हवी असते, कारण ती शोभेल. म्हातारा बँकवाला डॅस्कॉइन त्याला आपणहून नोकरी देतो, माणसासारखं वागवतो. त्याला मारायची पाळी लुईवर येत नाही. गादी आपल्याकडे आल्याच्या बातमीच्या धक्क्यानेच तो जातो. म्हणजे त्या घराण्यात चांगली माणसंही होती, आणि लुईने मारलेला हेन्री त्यांतलाच एक.

सिनेमाचं नाव टेनिसनच्या कवितेतून घेतलंय. मायाळू हृदयाचं मोल सरदारी मुकुटापेक्षा जास्त आणि साध्या श्रद्धेचं मोल नॉर्मन रक्तापेक्षा जास्त, असा त्या ओळींचा अर्थ. नॉर्मन रक्त म्हणजे १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्यांचा वंश. आपलं कूळ तिथवर नेऊन भिडवणं ही तिथल्या घराण्यांची जुनी हौस.

गादीवर बसतो न बसतो तोच लुईला अटक होते. गंमत म्हणजे जे खून त्याने केले त्यांसाठी नाही. लायनेलने आत्महत्या केलेली असते आणि सिबेला खुनाचा आळ लुईवर आणते. खटला चालतो हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये, आणि पंच म्हणून बसतात लॉर्डच. कारण सरदाराचा न्याय त्याच्या बरोबरीच्यांनीच करायचा, असा जुना हक्क होता. एकेक लॉर्ड उठून आपल्या इभ्रतीची शपथ घेऊन मत देतो. हे दिग्दर्शकाच्या मनचं नाही. असा शेवटचा खटला १९३५ मध्ये खरोखर चालला. मोटार अपघातातल्या मृत्यूबद्दल लॉर्ड डी क्लिफर्डवर आरोप होता आणि तो निर्दोष सुटला. १९४८ च्या फौजदारी कायद्याने हा हक्क रद्द केला, आणि जून १९४९ मध्ये हा सिनेमा लागला. प्रेक्षकांसमोर पडद्यावर नुकतंच गेलेलं एक भूत उभं होतं. रेशमी दोराची मात्र दंतकथाच. १७६० मध्ये आपल्या कारभाऱ्याच्या खुनासाठी अर्ल फेरर्सला फाशी दिलं तेव्हापासून ती चिकटली.

तो काळ लक्षात घेतला की सिनेमातला आत्मविश्वास कळतो. १९४५ मध्ये मजूर पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला होता. आरोग्यसेवा सर्वांसाठी मोफत झाली होती. वारसा करामुळे वाडे विकले जात होते. मायकेल बॉल्कनच्या ईलिंग स्टुडिओने १९४९ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने हा धरून तीन विनोदी सिनेमे आणले. इतर दोघांत सामान्य माणसं सरकारी नियमांना चकवतात, त्यांत ऊब आहे. या सिनेमात ऊब नाही, थंड धार आहे. वंशपरंपरेने हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये बसायचा हक्क १९९९ पर्यंत टिकला आणि तेव्हाही ९२ जागा शिल्लक ठेवल्या गेल्या, हे पाहता ती धार लागणं गरजेचंच होतं.

शेवट असा आहे. फाशीच्या आदल्या रात्री लुई कोठडीत बसून आपली सगळी कर्मकथा लिहून काढतो. आपण पाहिला तो सिनेमा म्हणजे तेच लिखाण. सकाळी अगदी ऐन वेळी लायनेलची चिठ्ठी सापडते आणि लुई सुटतो. तुरुंगाच्या दारात ईडिथ आणि सिबेला दोघीही आपापल्या गाडीत थांबल्यात. तेवढ्यात एक पत्रकार पुढे होऊन विचारतो, आपल्या आठवणी आम्हाला छापायला द्याल का? लुई गोठतो. लिहिलेले कागद कोठडीतच राहिलेत. ब्रिटनमध्ये सिनेमा इथेच संपला. गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही असा अमेरिकेतल्या सिनेमांना तेव्हा नियम होता, म्हणून तिथल्या प्रतीत ते कागद तुरुंगाच्या लोकांच्या हाती पडतात असा तुकडा जोडावा लागला. मूळ प्रतीत ते टेबलावरच आहेत.